साडेछत्तीस कोयते

सही करायले माझा हात लय लवकर चालतो. बावीस वर्षं अंगणवाडीत काढली, रोज कायच्या ना कायच्या कागदावर सही असतेच. खाऊच्या पोत्यावर, वजनाच्या तक्त्यावर, कोणी साहेब येऊन गेला तर त्याच्या वहीत. सगळं वाचून सही करायची म्हटलं तर चुलीवरची खिचडी करपन. त्या दिवशीही मी तशीच केली. आता तांड्यातले लोक म्हणतात, रंजीताबाई, तुमची काही चूक नाई. मंग कोणाची हाये, सांगा ना बाप्पा!

आमचा धावडतांडा तुमाले माहीत असायचं काही कारण नाई. रिसोडवरून जीपमधी बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि चढाच्या रस्त्यानं अर्धा तास पायी चालायचं. एसटी फाट्यावरूनच निघून जाते. चौपन्न घरं हायेत. आमी बंजारा, घरात गोरबोलीत बोलतो, पाहुणा आला की अशी मराठी. जमीन मुरमाड, तिच्यात सोयाबीन अन् तूर. दिवाळी झाली की शेतात काम राहत नाई. मंग ट्रक येतात आणि अर्धा तांडा ऊसतोडीले निघून जातो, तो होळी झाल्यावरच परत दिसतो. मागं राहतात म्हातारे, आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस हाये ते पोट्टे. ज्यांच्या घरी नाई त्यांचे पोट्टे ट्रकमधी.

निताच्या घरचं म्हातारं माणूस म्हणजे तिची सासू, गोमतीबाई. निताचा नवरा चार वर्षांआधी विहिरीच्या कामावर दरड पडून गेला. तेव्हापासून निता एकटी ऊसतोडीले जायची आणि म्हातारी नातीले सांभाळायची. ती गोमतीबाई यंदा जेठ महिन्यात गेली. घरात राहिल्या दोघीच, निता आणि वैभवी.

वैभवी बारा वर्षांची, सातवीत. सातवीपर्यंत शाळा आमच्या तांड्यातच हाये. शाळा सुटली की ती माझ्याकडे अंगणवाडीत येऊन बसायची आणि भिंतीवरचे तक्ते वाचायची. निस्ती वाचायची नाई, चुका काढायची. "काकी, तुमी 'पूरक'चा पू ऱ्हस्व लिहिला." मी म्हणायची, जाय वं, मोठी आली मास्तरीण. ती खडू घेऊन नीट करायची. वाचल्याबिगर ती पोट्टी कायलेच हात लावत नव्हती. त्या दिवशी ती शाळेत नसती, माझ्याजवळ असती, तर हे सगळं झालंच नसतं.

श्रावणातली गोष्ट. संघदीप नावाचा पोरगा मोटरसायकलवर आला. चोवीस-पंचवीसचा असन. गुडघ्यापर्यंत चिखल आणि छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब. हर एक गावाची, वाडीची, तांड्याची ओळख लिहायचं काम निघालं होतं म्हणे. एका पानात एक गाव. मी म्हटलं, आमचं तर अर्ध्या पानातच आटपन. तो हसला. पोरगा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमी त्याले शिव्या द्यान.

आमचे सोमला नायक, तांड्याचे मोठे, मंदिराच्या ओट्यावर बसले होते. पंच्याहत्तरीचे हायेत, कानानं कमी ऐकू येते. अंगणवाडी मंदिराच्या समोरच, म्हणून मी आतून खिचडी हालवत हालवत त्यांच्या वाटचं उत्तर देऊन राह्यली होती. घरं किती, हापशा किती, शाळा कुठवर, पीक कोणतं. मंग त्यानं विचारलं, "आजोबा, गावाचं वैशिष्ट्य काय लिहू?"

"पाणी नाई, लिही," नायक म्हणाले.

"ते खाली अडचणींमधी येते. वैशिष्ट्य सांगा."

"मंग लिही, पाणी नाई तरी माणसं हायेत."

त्यानं खरंच तसं लिहिलं. मले तेव्हाच तो पोरगा आवडला.

"आता हंगामी स्थलांतर," तो म्हणाला. "दिवाळीनंतर कामाले किती जण बाहेर जातात?"

नायक बोटं मोजत बसले. राजपाल, प्रेमसिंग, अमका, ढमका. मले माहीत होतं, यांचं संध्याकाळपर्यंत होत नाई. मी आतूनच ओरडली, "साडेछत्तीस कोयते!"

आता हे तुमाले समजावून सांगते, कारण त्याले सांगितलं नाई. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीले एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते. दोन माणसं, चार हात, पण मोजताना एक. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. आमच्याकडे लहान पोट्ट्यालेही विचारा, तुमच्या घरून किती गेले, तर तो म्हणन, एक कोयता. आमी मायबाप असे मोजत नाई, कोयतेच मोजतो. छत्तीस जोड्या आणि वरून एकटी निता. झाले साडेछत्तीस. ते अर्धं म्हणजे निता.

"साडे?" तो दारात येऊन उभा राहिला. "ताई, हे पॉइंट घेत नाई."

"मंग छत्तीस टाक."

"छत्तीस पक्कं ना?"

"अरे हाव ना बाप्पा, किती वेळा विचारशीन! माझी खिचडी बुडाले लागून राह्यली."

त्यानं टॅब माझ्यासमोर धरला. मी पदराले बोट पुसलं आणि काचेवर सही केली. वर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, वरील माहिती मी वाचली आहे. ते मी नंतर पाहिलं.

निघता निघता त्यानंच सांगितलं, "ताई, यातून एक काम चांगलं होऊ शकते. ज्या गावातून पन्नासच्या वर माणसं बाहेर जातात, तिथं शाळेतच हंगामी वसतिगृह देणार हायेत. मायबाप येईपर्यंत लेकरं तिथंच जेवतीन, तिथंच झोपतीन. पोरींसाठी एक बाई राहीन."

मी मनात म्हटलं, पन्नास कायचे, आमचे तर त्र्याहत्तर जातात. माझ्या डोस्क्यात त्र्याहत्तर आणि त्याच्या टॅबमधी छत्तीस. दोघंही खुशीत.

तो गेला, आणि मी खिचडी तशीच ठेवून निताच्या घरी पळाली. खोटं कायले सांगू, पळालीच. म्हटलं, निता, तुझं काम झालं. वैभवीले कुठीच न्यायचं नाई. वसतिगृह येऊन राह्यलं.

निता दारात तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "खरं बाई?"

"मी सही करून आली."

"चार पोरींसंग शाळेत राहत असन तर मी निघते बिनधास्त," ती म्हणाली. "मले तर उन्हाळ्यापासून झोप नाई. तिकडं पाचटाच्या कोपीत त्या पोरीले कुठी ठेवू? आणि उसाच्या फडात घेऊन गेली तर हातात कोयता येते. एकदा आला की सुटत नाई. मी तिच्याच वयाची होती." तिनं मले चहा पाजला. साखर नव्हती, शेजारून आणली. त्या दिवसापासून ती ज्याले भेटन त्याले सांगायची, बाईनं वसतिगृह आणलं. मीही छाती फुगवून फिरत होती, नाई कायले म्हणू.

दसऱ्याच्या आधी एक पेंटर आला आणि शाळेच्या भिंतीवर आमची ओळख रंगवून गेला. निळ्या चौकटीत पांढरी अक्षरं. धावडतांडा. घरं चौपन्न. लोकसंख्या दोनशे एकतीस. हापशा तीन, चालू एक. मुख्य पीक सोयाबीन, तूर. सगळा तांडा पाहायले गेला. आपलं नाव एवढं मोठं कुठी लिहिलेलं आमी पाहिलंच नव्हतं. पोट्टे तर भिंतीले हात लावून लावून रंग वाळला का पाहत होते.

वैभवी वरून खालपर्यंत वाचत गेली. मंग वळली. "काकी, इथं चुकलं."

"पुन्हा ऱ्हस्व-दीर्घ काढू नको आता."

"नाई. हंगामी स्थलांतर छत्तीस लिहिलं. छत्तीस कोयते हायेत, माणसं बहात्तर होतात. आणि माझी याडी यात हाये का नाई? तिले धरलं तर त्र्याहत्तर." आईले आमी याडी म्हणतो. तिनं त्याच्या खालची ओळ वाचली. "वसतिगृह, लागू नाही. काकी, लागू नाही म्हणजे काय?"

मी म्हटलं, काही नाई, पेंटरनं चूक केली असन, जाय घरी. ती गेली नाई. दप्तरातून खडू काढला, छत्तीसवर काट मारली आणि बाजूले लिहिलं, ७३.

मी संघदीपले फोन लावला. तो कुठल्या तरी गावात होता, आवाज तुटून राह्यला होता. मी आधी त्याच्यावरच खेकसली. काय लिहिलं रे तू? तांडा अर्धा करून टाकला!

तो म्हणाला, "ताई, मले वाटलं एका माणसाच्या हातात एक कोयता."

कोणाही शहाण्या माणसाले तसंच वाटन. त्यानं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा हाव म्हणणारी मी. तो टॅब डोळ्यासमोर धरून उभा होता आणि मले खिचडीची पडली होती. वरून वाचल्याची सही.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या कचेरीत गेली. संघदीप बिचारा आपलं काम टाकून आला होता. तिथल्या बाईनं ऐकून घेतलं, खोटं बोलणार नाई, खुर्चीही दिली. मी तिले कोयता म्हणजे काय ते हातानं करून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, समजलं मले. पण यादी वर गेली. दुरुस्तीचा अर्ज द्या, मी पाठवते. दिवाळीच्या आधी होईन का नाई, ते माझ्या हातात नाई." मी तिथंच बसून अर्ज लिहिला. नायकांचा अंगठा सोबत आणला नव्हता, म्हणून परत येऊन, त्यांचा अंगठा घेऊन, पुन्हा गेली. त्यात चार दिवस गेले.

मंग निताले सांगणं भाग होतं. ती सोयाबीन कापून आली होती, बोटांले चिंध्या गुंडाळलेल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसली असती तर सांगवलं नसतं.

ती म्हणाली, "म्हणजे मले सोडूनच दिलं?"

"ते पॉइंट घेत नव्हतं, निता."

"अर्धीच तर होती बाई मी. तेवढी बी मावली नाई?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मले काय करू नि काय नाई असं झालं. मी म्हटलं, "ऐक माझं. वैभवीले माझ्या घरी ठेव. चार-पाच महिन्याचीच तर गोष्ट हाये. मी तिले पोटच्या पोरीसारखी ठेवीन."

ती बोटाची चिंधी सोडत राहिली. मंग मान खाली घालूनच म्हणाली, "बबलू घरी असते ना?"

बबलू माझा पोरगा. बावीसचा. रिसोडच्या बाजारात एका व्यापाऱ्याचा पिकअप चालवते, रोज संध्याकाळी घरी येते. विडीले हात लावत नाई. माझं डोकंच सरकलं. "माझ्या पोराले काय समजतं तू?"

"मी काहीच समजत नाई, बाई. पोरगी वयात येऊन राह्यली. उद्या कोणी एक शब्द बोललं, तर मी तिकडून काय करू?"

"मंग जाय!" मी ओरडली. "ने तिले उसात! दे तिच्या हातात कोयता!"

हे शब्द माझ्या तोंडून निघाले. तोंड माझंच, दुसऱ्या कोणाचं नाई. वैभवी आत होती. तिनं ऐकलं का, ते मी आजपर्यंत विचारलं नाई.

घरी आली तर बबलू जेवत होता. मी त्याच्याकडे पाहत बसली. चांगला पोरगा हाये माझा, डोळ्याले डोळा लावून बोलते. पण मले पोरगी असती, आणि दुसऱ्या कोणाच्या घरात बावीस वर्षांचा पोरगा असता, तर मी ठेवली असती का? नसती ठेवली. हे कळलं आणि मले अजूनच राग आला. निता बरोबर होती याचाच राग.

बारा दिवस मी तिच्या गल्लीतून गेली नाई. ती हापशावर दिसली की मी घागर घेऊन परत फिरायची. वैभवीनं अंगणवाडीत येणं बंद केलं. एवढी मोठी बाई मी, आणि अशी फुगून बसली. इकडे तांड्यात जायची तयारी सुरू झाली होती. बाया पीठ दळून राह्यल्या होत्या, माणसं कोयत्यांले धार लावून राह्यले होते. दगडावर पातं घासल्याचा आवाज हर घरातून यायचा.

तेराव्या दिवशी बबलूनंच मले विचारलं, "माय, तुमचं दोघीचं काय झालं?" मी सांगितलं. त्याच्या नावावरून झालं ते सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? मी रिसोडलेच राहतो. मालकाच्या गोदामात दोन पोरं झोपतात, तिसरा मी. पाडव्यापर्यंत घरी येतच नाई. सांग तिले."

एवढं सोपं होतं. बारा दिवस मी हे त्याले विचारलंच नाई.

मी धावत निताच्या घरी गेली. दारात उदयसिंग उभा होता. आमच्या तांड्यातलाच, आमचा मुकादम. कारखान्याले कोयते नेऊन देणं हे त्याचं काम. त्याच्या हातात वही होती.

मी त्याच्यासमोरच बोलली. "निता, बबलू घरी राहत नाई आता. रिसोडले राहीन तो. वैभवीले माझ्याकडे ठेव."

निताचं तोंड एकदम उजळलं. एक घडीभरच. मंग तिनं उदयसिंगकडे पाहिलं.

"वहिनी," तो मले म्हणाला, "आता उशीर झाला. ही पंधरा दिवसांआधी म्हणाली असती, पोरगी मागं राहते, तर मी हिले अर्धी धरली असती. आता मी हिचा पुरा कोयता सांगून टाकला. अर्ध्याची जागा भरली, दुसऱ्या तांड्यातला एक बायको नसलेला रंडवा घेतला त्याच्यात. हिले आता पुरंच यायचं, नाहीतर यायचंच नाई."

"बारा वर्षांची पोट्टी पुरा कोयता कशी होते रे?"

"आत्तापर्यंत कोणाच्या पोट्ट्या झाल्या नाई का? माझी बहीण नाई झाली?" तो चिडला नव्हता. त्याले खरंच तसं वाटत होतं. "आणि आली नाई तर ही खाणार काय, ते तुमी सांगा."

अंगणवाडीच्या बाईच्या पगारात दोन घरं चालत नाईत. तरी मी म्हटलं, निता, यंदा जाऊ नको. आपण काहीतरी करू. ती म्हणाली, "बाई, काहीतरी कोणत्या डब्यात असते?" आणि आत निघून गेली. तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाई. पंधरा दिवसांआधी जे विचारायचं ते मी विचारलं नाई, आणि ती विचारणार कशी? मी तर तोंड फिरवून चालली होती.

दिवाळीच्या अमावस्येले आमच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर जातात आणि घरच्या मोठ्यांले चांगलं मागतात. त्याले मेरा म्हणतात. वैभवी सगळ्यात पुढं होती. माझ्या दारात आली, गाणं म्हटलं, बाकीच्या पोरींसारखीच. मी तिच्या ताटलीत काय टाकलं ते मले आठवत नाई. मी तिच्या हाताकडे पाहून राह्यली होती. खडूचा हात. बोटं लांब लांब.

तीन दिवसांनी सकाळीच दोन ट्रक आले. भांडी, पिठाची पोती, कोंबड्या, कोपीचे बांबू, सगळं वर चढलं. उदयसिंग वही घेऊन ट्रकच्या फळीजवळ उभा राहिला आणि मोजायले लागला. तो माणसांचंच नाव घेतो, बायका त्यात आल्याच. "राजपाल, एक. प्रेमसिंग, दोन." जोडी जोडी चढत गेली. सोमला नायक ओट्यावर बसून हर नावाले मान हालवत होते. छत्तीस झाले. गेल्या साली इथं तो म्हणायचा, "निता, अर्धा." आणि सगळे हसायचे, वाईट मनानं नाई, सवयीनं.

"निता आणि वैभवी," उदयसिंग म्हणाला. "सदतीस. झाला पुरा."

वैभवीनं बापाचा जुना शर्ट फ्रॉकवर घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. कोयता पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून काखेत धरला होता. चढायच्या आधी ती माझ्याकडे आली आणि दप्तर माझ्या हातात दिलं. "काकी, पुस्तकांले कव्हर घातलं हाये. उंदरं पाहजा." मी तिले जवळ घेतलं. निताकडे पाहायची माझी हिंमत झाली नाई, पण तीच ट्रकवरून वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ट्रक निघून गेले आणि तांड्यात निस्ते कुत्रे भुंकून राह्यले.

पाचव्या दिवशी संघदीप आला. मोटरसायकल नीट लावलीही नाई, धावतच आला. "ताई, झालं! अर्ज मंजूर झाला. वसतिगृह भेटून राह्यलं. निस्ता आकडा दुरुस्त करायचा आणि तुमची सही, मंग येत्या सोमवारपासून सुरू." त्याचं तोंड फुललं होतं. त्यानं किती चकरा मारल्या असतीन, ते मले माहीत हाये. त्यानं शाळेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खडूचं अक्षर अजून होतं. "त्र्याहत्तर ना? तेच टाकतो."

"थांब," मी म्हटलं. मी निताले फोन लावला. मनात एकच होतं, उदयसिंगच्या पाया पडाव लागलं तरी पडू, पण पोरीले परत पाठवायले लावू. बबलू पिकअप घेऊन जाईन, रातोरात घेऊन येईन. फोन वैभवीनं उचलला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"काकी! याडी मोळी घेऊन गेली. मी पाणी प्यायले थांबली."

"वैभवी, वसतिगृह मंजूर झालं वं. मी तुले घ्यायले पाठवते. येशीन ना?"

तिनं विचारलं, "आणि याडी?"

"ती राहीन तिकडेच. तिचं काम..."

"मी आली तर मुकादम तिले काढून टाकन. अर्ध्याची जागा नाई म्हणते तो." तिचा आवाज बसला होता, सर्दी झाल्यासारखा. "काकी, इथं टोळीत नाव पुकारतात ना सकाळी, तर याडीले आता कोणी अर्धी म्हणत नाई. पुरा कोयता म्हणतात. याडी हसते मंग." मागून कोणीतरी तिले हाक मारली. "जाते काकी. भिंतीवरचं मी लिहिलेलं पुसलं नाई ना?"

"नाई पुसलं."

"ते आता चुकलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

संघदीप माझ्याकडे पाहून राह्यला होता. त्यानं ऐकलं असन थोडंफार. मी पदरानं डोळे पुसले, मंग बोट पुसलं. "चौऱ्याहत्तर टाक," मी म्हटलं.

"ताई, तुमी तर अर्जात त्र्याहत्तर..."

"लिहिलं होतं. तेव्हा ती शाळेत होती."

त्यानं आकडा टाकला आणि टॅब माझ्यासमोर धरला. या खेपेले मी सगळं वाचलं. नाव, घरं, हापशा, पाणी नाई तरी माणसं हायेत, वसतिगृह लागू. वरून खालपर्यंत, एक एक ओळ. आणि मंग सही केली.